सुनेचा फोनो

"खरं का खोटं, एवढंच सांग सूनबाई! माझ्या माघारी माझ्याच शिष्यांना तू त्या यंत्रापुढं बसवून राह्यली होती का नाही?"

अनंतरावबुवांचा आवाज चढलेला नव्हता. अलीकडे ते फार हळू बोलत. पण त्या हळू आवाजाला आज अशी काही धार आली होती, की चुलीपुढे बसलेल्या प्रयागबाईंच्या हातातली फुंकणी जागच्या जागी थबकली. बुवांच्या उजव्या हातात फोनोची एक काळी थाळी, गाण्याची तबकडी, होती. पांडुरंगराव दुकानदाराच्या मागच्या खोलीतून, चार शिष्यांच्या मधून, ती ते स्वतः उचलून घेऊन आले होते... भर दुपारी, अनवाणी, अख्ख्या जैनथ गावाच्या डोळ्यांदेखत!

"खरं आहे, मामंजी," चारुशीला म्हणाली.

"मोठ्यानं बोल! तोंडातल्या तोंडात काय बोलतेस?"

तिने डोळे मिटले आणि सगळा जीव गोळा करून, जणू स्वतःच स्वतःवर फिर्याद करावी तशी ती ओरडली, "खरं आहे!"

बुवांनी हातातली थाळी सोडून दिली. फरशीवर तिचे तीन तुकडे झाले.

"मी मेलो असतो, तर तेरा दिवस तरी थांबली असतीस तू! जिवंत गुरूच्या शिष्यांना निर्जीव थाळीच्या पायाशी नेऊन बसवलंस... अन् तेही कोणी? जिला मी सून नाही, लेक म्हणून पुढं बसवलं, जिच्यासाठी भाऊबंदांशी वैर घेतलं, तिनं! आजपासून माझा गाण्याचा वर्ग बंद. अन् आजपासून मी तुझा गुरू नाही."

चारुशीलेच्या ओठांवर एकच वाक्य येऊन थांबले होते. ते बोलली असती, तर त्या क्षणी तिच्यावरचा सगळा कलंक धुऊन निघाला असता. तिने सासूकडे पाहिले. प्रयागबाईंनी पदराने तोंड झाकून घेतले होते, आणि त्या पदराआडून त्यांचे दोन डोळे हात जोडून विनवावे तसे तिच्याकडे पाहत होते... चारुशीलेने ते वाक्य गिळले, खाली बसली आणि थाळीचे तुकडे वेचू लागली.

ती या घरात आली त्याला दहा वर्षे झाली होती. तिचे माहेर पैनगंगेच्या पलीकडे, पांढरकवड्याला. तिकडे इंग्रजांचे राज्य आणि अलीकडे मोगलाई, निजामाची. सोळा वर्षांची नवी सून एकदा माजघरात तांदूळ निवडता निवडता काहीतरी गुणगुणत होती आणि मागे सासरे येऊन उभे राहिल्याचे तिला कळलेच नव्हते. कळले तेव्हा तिच्या हातातले सूप गळून पडले. आता काय ऐकावे लागेल या भयाने ती सांडलेले तांदूळ गोळा करत असताना बुवा म्हणाले होते, "पुन्हा म्हण बरं. हा गंधार कुठून आणलास तू?"

दुसऱ्या दिवशीपासून पहाटे तिच्यापुढे तंबोरा आला. जैनथमध्ये, त्या काळात, घरंदाज सुनेने तंबोरा धरायचा! बुवांचे चुलतभाऊ चंपतराव ओसरीवर येऊन बजावून गेले, "दादा, हे काही आपल्या घराला शोभून नाही राह्यलं." त्यावर बुवांनी एवढेच उत्तर दिले, "ज्याला शोभत नाही, त्यानं आमच्या ओसरीला पाय लावू नये." चंपतराव पुढे चार वर्षे आले नाहीत. आणि बुवांनी सुनेला शिकवणे एक दिवसही थांबवले नाही. देवळातल्या उत्सवात बुवा गायला बसले, की मागे तंबोऱ्यावर चारुशीला असायची; मग लोक काहीही म्हणोत. तिला जन्म वडिलांनी दिला होता. पण आपल्या आत एवढे मोठे काहीतरी आहे, हे तिला या वृद्ध, तापट, निर्मळ माणसाने दाखवले होते. ते ऋण कसे फेडायचे, हे तिला कधी उमगले नव्हते. पुढे ते फेडायची वेळ आली, ती अशी आली!

तीन वर्षांपूर्वी बुवांच्या वर्गातली माणसे एकेक करून गळू लागली. बुवा म्हणत, "आजकालच्या पोरांच्या गळ्यात जीवच राहिला नाही. मुंग्या बोलल्यासारखे गातात." सर्वांत गुणी शिष्या दमयंती. पांडुरंगरावांची बहीण, बालविधवा, एकोणीस वर्षांची. गाण्याखेरीज जगात जिला काही उरले नव्हते, अशी. एक दिवस ती अगदी नितळ, सुरेल भूप गात असताना बुवा कडाडले, "बेसूर! सारं बेसूर! तुझ्यानं होत नाही, तर कशाला येतेस?" दमयंती रडत निघून गेली. चारुशीला तंबोरा धरून बसली होती. दमयंतीचा एकही स्वर ढळला नव्हता, हे तिने स्वतःच्या कानांनी ऐकले होते.

त्या संध्याकाळी तिच्या मनात एक भयंकर शंका आली आणि काही केल्या जाईना. दुसऱ्या दिवशी पहाटे ती सासऱ्यांपुढे भूप गायला बसली आणि भूपात ज्याला जागाच नाही असा मध्यम तिने मुद्दाम लावला. एकदा... दोनदा... तिसऱ्यांदा तर त्याच्यावर थांबली. तिच्या अंगावर काटा उभा राहिला होता. आणि बुवा... बुवा तिच्या तोंडाकडे प्रेमाने पाहत मान डोलावत होते! "वा! अशी बसली पाहिजे जागा!"

तंबोरा ठेवून ती कशीबशी स्वयंपाकघरात आली आणि भिंतीला टेकून ओक्साबोक्शी रडू लागली. प्रयागबाईंनी दार लोटून घेतले.

"तुले आज समजलं वं माय... मले दोन वर्सं झाले."

"आत्याबाई! अन् तुम्ही बोलल्या नाहीत? नांदेडला, हैदराबादला डॉक्टर आहेत..."

"डाक्टर काय सांगन? कान गेले म्हून सांगन. मंग? त्यायले अजून वाटते, का लोकच हळू बोलून राह्यले! सोताचा आवाज त्यायले चांगला ऐकू येते ना, म्हून समजतच नाही. तो माणूस गाण्यावर जगून राह्यला, चारू. ज्या दिवशी समजन, त्या दिवशी सरन तो. तुले माह्या गळ्याची शपथ हाय... जीव गेला तरी बोलू नको. माह्या शरदले भी नाही!"

सासूच्या गळ्याला हात लावून चारुशीलेने शपथ घेतली. तिला तेव्हा वाटले, मौन तर पाळायचे आहे. त्यात काय मोठे!

पण नुसत्या मौनाने वर्ग भरत नव्हता. रिकाम्या सतरंजीपुढे बसून बुवा दाराकडे पाहत राहत, ते तिला बघवेना. तेव्हा तिला आपल्या पेटाऱ्यात पडलेल्या फोनोची आठवण झाली. तिची मुलगी कुसुम जन्मली, तेव्हा तिच्या वडिलांनी, यशवंतरावांनी, तो मोठ्या हौसेने पाठवला होता: किल्लीचा, लाकडी पेटीचा, वर पितळी कर्णा असलेला. बुवांनी तो पाहून हात झटकले होते. "तीन मिनिटांत राग मांडतात! हे काय गाणं झालं?" तेव्हापासून तो लुगड्यांखाली दडून होता.

पांडुरंगरावांच्या दुकानामागे सरकीची पोती ठेवायची एक खोली होती; फोनो तिने तिथे हलवला. बुवा दुपारी झोपत, त्या वेळात चारुशीला पदराआड थाळ्या घेऊन तिथे जाऊ लागली. आधी एकटी दमयंती आली. मग वर्ग सोडून गेलेले उद्धवराव वैद्य आले, तहसिलीतले दोन कारकून आले. मोठमोठ्या गायकांचे, जे या आडगावात कधी येणार नव्हते, त्यांचे स्वर त्या सरकीच्या पोत्यांमध्ये घुमू लागले. चारुशीला सुई उचलायची, बोटभर मागे ठेवायची आणि तीच ओळ पुन्हा ऐकवायची... दहादा, वीसदा. थाळी दमत नव्हती, रागावत नव्हती. तान फार वेगाची असली, तर ती पेटीचा स्क्रू पिळून थाळीचा वेग कमी करायची, आवाज खाली उतरायचा, मग तेवढाच तंबोराही उतरवून ती म्हणायची, "आता मोजा. कुठं वळली ती? आता तुम्ही म्हणा." पण थाळी चूक दाखवू शकत नव्हती. ते काम चारुशीला करायची. अगदी तसे, जसे बुवा एके काळी तिच्या बाबतीत करत.

आणि सगळे चोख बसले, की ती त्यांना सांगायची, "आता उद्या बुवांपुढं जा. त्यांच्या समोर बसा, बाजूला नको. तोंड उघडून, खुल्या गळ्यानं गा. ते जे सांगतील त्याला हो म्हणा. अन् इथलं तिथं एक अक्षर बोलायचं नाही!"

"काऊन पण, वहिनी?" दमयंतीने एकदा विचारले होते.

"बुवांना यंत्राचा तिटकारा आहे म्हणून," चारुशीला म्हणाली होती. अर्धे खरे बोलणे किती जड असते, ते तिला त्या दिवशी कळले.

बुवांचा वर्ग पुन्हा भरला! त्यांना कमी ऐकू येई, पण समोरच्याचे फुललेले तोंड, लयीत हलणारा हात, आत्मविश्वासाने उंचावलेली मान दिसत होती; तेवढ्यावरून ते ओळखत, की गाणे बसले आहे. रात्री जेवताना ते प्रयागबाईंना आनंदाने सांगत, "यंदाची मंडळी सुधारली बरं का! माझी मेहनत फळाला आली." चारुशीला ताटात भाकरी वाढत असायची. तिच्या काळजातून एक कृतार्थ, ओली कळ उठायची... आणि ती मागे वळायची.

हे सुख दोन-अडीच वर्षे टिकले. मग चंपतरावांना त्या खोलीचा सुगावा लागला आणि त्यांनी बुवांना खबर दिली.

थाळी फुटल्याच्या तिसऱ्या दिवशी चारुशीलेचा नवरा शरदचंद्र आला. तो आदिलाबादला तहसील कचेरीत पेशकार होता. दर जुम्म्याच्या, शुक्रवारच्या सुट्टीला घरी यायचा. वडिलांनी त्याच्यापुढे सगळे मांडले. तो माजघरात आला, तेव्हा त्याचा चेहरा रागापेक्षा दुःखाने काळवंडला होता.

"चारू, बाबांनी तुझ्यासाठी काय नाही केलं? काऊन केलंस असं?"

ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

"त्यांच्यापेक्षा तुला जास्त येतं, असं लोकांना दाखवायचं होतं का?"

हा घाव मात्र तिला सोसला नाही. "तुम्हाला... तुम्हालासुद्धा असं वाटतं?" एवढेच ती बोलू शकली.

"मला काय वाटावं ते तू सांग ना! कारण सांग. मी बाबांपुढं जाऊन तुझी बाजू घेईन. पण तू तोंडच उघडत नाहीस!" तो तिच्यापुढे येऊन बसला. बाहेर कुसुम बाहुलीशी बोलत होती. शेवटी तो उठला. "काही महिने पांढरकवड्याला राहा. बाबा तुझ्याकडं पाहत नाहीत, नीट जेवत नाहीत... त्यांचं मन निवलं, की मी स्वतः आणायला येईन."

तिने मान हलवली. जिच्या शपथेपायी हे सगळे चालले होते, ती सासू त्या दिवसभर देवघरातून बाहेर आलीच नाही.

निघायचा दिवस उत्सवाचा पहिला दिवस होता. सकाळच्या पूजेनंतर लक्ष्मीनारायणाच्या देवळात बुवांची गायनसेवा असे, आणि आपले जाणे त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून चारुशीलेने मुद्दाम तीच वेळ धरली. गडी डोमाजीने दमणी, छताची बैलगाडी, जुंपली. पेटारा चढला, फोनो चढला. कुसुमला कुशीत घेऊन ती बसली. दहा वर्षांत पहिल्यांदा देवळात बुवांच्या मागे तंबोऱ्यावर ती नव्हती. गाडी वेशीबाहेर पडली, तेव्हा देवळाकडून घंटेचा आवाज आला, आणि तिने दोन्ही हात जोडले, 'देवा, आजच्या दिवस त्यांची लाज राख!'

पण देवाच्या मनात वेगळेच होते. देवळात काय घडले, ते तिला मागाहून कळले.

बुवा गायला बसले. साथीला आदिलाबादहून एक पेटीवाले आले होते. एरवी चारुशीला मागून तंबोऱ्याचा खर्ज जोरात छेडायची, बुवा सरकू लागले की वाकून हलकेच षड्ज गुणगुणायची. त्यांना स्वतःला न कळता ती त्यांना जागेवर आणायची. आज ते कोणी केले नाही. बुवांनी पेटीच्या वर अर्ध्या स्वराने सुरुवात केली आणि तसेच पुढे निघाले. पेटीवाल्याने दोनदा, तीनदा सूर दाबून धरला. मग तो बिचारा ओशाळला आणि त्याने भाता मिटून हात मांडीवर ठेवले. मंडपात माणसांनी माना खाली घातल्या. बुवा गातच होते, तल्लीन होऊन, डोळे मिटून. एक आवर्तन संपवून त्यांनी दाद घेण्यासाठी पेटीवाल्याकडे पाहिले... तर भाता बंद!

किती वेळ बंद होता तो? आणि पेटी थांबली, हे आपल्याला कळले कसे नाही?

बुवांनी पेटीवाल्याला खूण केली, "वाजवा." त्याने वाजवले. त्याची बोटे पट्ट्यांवर फिरताना बुवांना दिसत होती. "थांबा." बोटे थांबली. वाजतानाही तेच, आणि थांबल्यावरही तेच... शांतता! भरल्या मंडपात तो वृद्ध माणूस एखाद्या लहान मुलासारखा इकडे तिकडे पाहू लागला. मग उठला, बायकांच्या बाजूला गेला आणि प्रयागबाईंपुढे उभा राहिला.

"प्रयाग, खरं सांग. माझे कान...?"

प्रयागबाईंचा बांध तिथेच फुटला. सगळ्या गावापुढे त्यांनी नवऱ्याचे पाय धरले आणि वर तोंड करून त्या ओरडून बोलल्या, "मी पापीण हाय जी! म्याच शपथ घातली तिले! वर्ग मोडला होता तुमचा, तो तिनं उभा केला. पोट्ट्यायले शिकवून शिकवून तुमच्यापुढं धाडलं तिनं. तुमी तिले बोल लावला, थाळी फोडली, अन् म्या चांडाळणीनं तोंड नाही उघडलं! ती गेली जी... माही लेक गेली!"

पैनगंगेच्या काठावर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. नदीपलीकडे जाणारी प्रत्येक चीजवस्तू तिथे उघडून दाखवावी लागे. पांढऱ्या दाढीचे मुन्शीजी चष्म्यावरून फोनोकडे पाहत होते. "बेटी, ये बाजा बजता भी है क्या?"

तेवढ्यात मागून धुळीचा लोट आला. पांडुरंगरावांची हलकी खासर गाडी बैल फेसाळेपर्यंत पळवीत आणली होती. ती थांबायच्या आतच बुवा खाली उतरले, अडखळले, सावरले. अंगावर उत्सवाचे उपरणे होते, ते धुळीत लोळत होते. डोक्यावरची पगडी कुठे पडली, त्याचे भान नव्हते.

चारुशीला दमणीतून उतरली. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहताच तिला कळले, की त्यांना कळले आहे. ज्या क्षणाचे भय तिने तीन वर्षे उराशी वागवले, तो समोर उभा होता!

"तुला कळून किती दिवस झाले?" त्यांनी विचारले. डोळे तिच्या ओठांवर होते.

"तीन वर्षं, मामंजी."

"तीन..." ते एक पाऊल पुढे आले. "मी दमयंतीला बेसूर म्हणालो, ती...?"

चारुशीलेने नकारार्थी मान हलवली. तिच्या गालांवरून आसवे ओघळत होती.

"अन् मी तुला सोडलं, तरी तू बोलली नाहीस? एक शब्द बोलली असतीस, पोरी... एकच!"

"तुमचं गाणं गेलं असतं, मामंजी!" ती मोठ्याने, नदीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "मला तुमचं गाणं पाहिजे होतं. माझं काय... मी तुमच्यामुळंच आहे!"

बुवा मटकन खाली बसले. दोन्ही हातांत तोंड झाकून तो तापट, करारी माणूस हुंदके देऊ लागला. चारुशीला धावली, त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली. त्याच गाडीतून उतरलेल्या प्रयागबाई मागून येऊन सुनेच्या खांद्यावर डोके ठेवून रडू लागल्या. "माफ कर वं मले... भेले होते मी." चारुशीलेने एका हाताने सासूला जवळ घेतले, दुसऱ्या हाताने सासऱ्यांचे उपरणे उचलून झटकले. त्या क्षणी तिला जाणवले, की छातीवरचा तो मोठा दगड गेला आहे. आता काही लपवायचे उरले नव्हते!

"लाव ते यंत्र," डोळे पुसत बुवा म्हणाले. "काय शिकवलंस त्यांना, ते मला पाहू दे."

तिने फोनोची पेटी नाक्याच्या ओट्यावर ठेवली, किल्ली दिली, सुई टेकवली. थाळी फिरू लागली. मुन्शीजींनी मान डोलावली, कुसुम टाळ्या पिटू लागली. बुवांचा चेहरा मात्र तसाच कोरा होता. त्यांनी पेटीच्या लाकडावर तळहात ठेवला. लाकडातून काहीतरी येत होते! ते वाकले, अधिक वाकले, आणि त्यांनी आपली हनुवटी, मग सगळा जबडाच त्या पेटीवर टेकवला.

ते तसेच राहिले. श्वास रोखून. मग त्यांचे डोळे एवढे मोठे झाले, की चारुशीला घाबरली.

"मामंजी! काय झालं?"

त्यांनी हाताने तिला गप्प केले. थाळी संपेपर्यंत त्यांनी जबडा उचलला नाही. सुई खरखरू लागली, तेव्हा ते सरळ झाले.

"भीमपलास," ते म्हणाले. "बाई गाते आहे. शेवटच्या तानेत निषादावरून परत फिरली... कसली सुंदर फिरली! सूनबाई, कानांनी नाही... हाडांतून आलं ते! सगळं आलं गं!"

चारुशीला एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. बुवांनी तिच्या मस्तकावर हात ठेवला. "पुन्हा लाव," ते म्हणाले. "नाही, घरी चल. घरी लाव."

मुन्शीजींनी चष्मा काढून डोळे पुसले. "जाव बेटी, वापस जाव. जो चीज पार गईच नै, उसपे कायकी करोडगिरी?"

शरदचंद्र त्या आठवड्यात सुट्टीची वाट न पाहता आला. आईने निरोप धाडला होता. तो बायकोपुढे येऊन उभा राहिला. "मी तुला जे बोललो..."

"कारण मी सांगितलंच नव्हतं तुम्हाला," चारुशीला म्हणाली. "पण पुन्हा असं बोलू नका." त्याने तिचे दोन्ही हात धरले आणि त्या दोन हातांवर त्याचे अश्रू पडले.

वर्गाचा प्रश्न मात्र राहिलाच होता. थाळीचे गाणे पेटीच्या लाकडातून येत होते. तंबोऱ्याच्या दांडीला गाल लावला, की तारा लागत होत्या. पण शिष्याचे गाणे कसे ऐकायचे? चार दिवस विचार करून चारुशीलेने एका सकाळी फोनोचा कर्णा काढला, त्याचे निमुळते तोंड मऊ फडक्याने गुंडाळले आणि सासऱ्यांच्या उजव्या कानाला लावले. रुंद तोंडाशी तिने दमयंतीला बसवले.

दमयंती घाबरत घाबरत गाऊ लागली. ओसरीवर उद्धवराव वैद्य, दोघे कारकून, दाराआड प्रयागबाई... सगळे बुवांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. चौथ्या ओळीला बुवांनी हात वर केला.

"थांब. धैवत खाली आला."

दमयंतीने चारुशीलेकडे पाहिले. चारुशीलेने हळूच मान हलवली. खरोखरच धैवत किंचित उतरला होता. आणि मग दमयंती एकदम रडू लागली. पण ते रडणे हसण्याच्या इतके जवळ होते, की उद्धवरावांनाही हसू आवरेना. "पुन्हा म्हणते बुवा, पुन्हा म्हणते!"

"म्हण. अन् मागे जे मी तुला बोललो पोरी, ते माझ्या कानांचं पाप होतं. ते विसर."

मंडळी गेली. ओसरीवर उन्हाची तिरीप आली होती. बुवांनी कर्णा खाली ठेवला नव्हता.

"आता तू बस," ते सुनेला म्हणाले.

"मी? काय म्हणू?"

"तुझ्या मनात येईल ते."

चारुशीला कर्ण्याच्या तोंडाशी बसली. तिने षड्ज लावला. ती हळूहळू निवांत झाली, आलाप उलगडत गेला, आणि कोणी ऐकत आहे याचाही तिला विसर पडला. बुवांनी तिला एकदाही थांबवले नाही. तिने डोळे उघडले, तेव्हा त्यांच्या पांढऱ्या मिशांवरून पाणी ओघळत होते.

"चुकलं का काही, मामंजी?" तिने विचारले.

"नाही गं." त्यांनी कर्णा कानाशी तसाच धरला होता, जणू तिचे बोलणेही वाया जाऊ द्यायचे नव्हते. "तीन वर्षांत तुझा आवाज केवढा मोठा झाला! केवढा भरला! अन् मला... तुझ्या गुरूला... ठाऊकच नव्हतं."

मग ते थोडे बाजूला सरकले आणि आपल्या सतरंजीवर त्यांनी तिच्यासाठी जागा केली.